पुट्टीने भोकं भरायची नसतात

ताई, तुमची अडचण मला कळली ती अशी. ऐरोलीचं घर, मागच्या दिवाळीला रंगवलेलं. हॉलमधलं जुनं टीव्ही युनिट आणि शोकेस काढल्यावर भिंतीत तीस-पस्तीस भोकं उरली होती. रंगाऱ्याने ती पुट्टी दाबून बुजवली, घासली, वर रंगाचे दोन हात मारले. महिन्याभरात प्रत्येक भोकाच्या जागी नखाएवढा खळगा दिसायला लागला आणि त्याच्याभोवती गोल चट्टा. आता तुम्ही आणि तुमचा मुलगा मिळून ती भिंत घरीच करणार आहात, आणि पुट्टी कुठली घ्यावी, मध्ये किती थांबावं, हे विचारताय.

पुट्टी कुठली ते नंतर बघू. मुळात पुट्टी ही भोक भरायची वस्तूच नाही. ती दुधावर साय धरावी तशी भिंतीवर पातळ पसरायची वस्तू आहे. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीची पिशवी उलटी करून मागची बाजू वाचा, सगळे हात मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटरच्या आत ठेवा असं सांगितलेलं असतं. तुमच्या टीव्हीच्या ब्रॅकेटचं भोक दहा मिलिमीटर रुंद आणि पन्नास मिलिमीटर खोल. एक किलो पुट्टीत 360 ते 380 मिलिलिटर पाणी पडतं. पातळ थरातलं जास्तीचं पाणी पटकन उडून जातं. पण पन्नास मिलिमीटर खोल खुंट भरला तर त्यातलं पाणी जाणार कुठून? तोंड आधी सुकतं, पोट ओलं राहतं. मग ते पोट दोन-तीन आठवडे सावकाश सुकतं, आक्रसतं, आणि तोंडाला आत ओढतं. तुम्हाला दिसतोय तो खळगा तोच. तुमच्या रंगाऱ्याने भिंत नीट घासली नाही असं नाही. त्याने घासली तेव्हा ती खरोखरच सपाट होती.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. गेली सव्वीस वर्षं मी कळव्याहून ठाणे-नवी मुंबईत रंगकाम करतो. सुरुवातीच्या काळात खारघरला एका घरात गणपतीच्या आधी दोन दिवसांत काम उरकून द्यायचं होतं. श्रावणातली ओली हवा होती. मी एका दुपारी सगळी भोकं पुट्टीने ठासून भरली, दुसऱ्या दिवशी घासून रंग मारला. गणपती झाल्यावर त्यांचा फोन आला. संध्याकाळी गेलो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन भिंतीवर तिरकं पडलं होतं आणि त्या उन्हात बावीस खळगे, प्रत्येकाची सावली वेगळी मोजता येत होती. घरातल्या आजी भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडासारखी दिसतेय रे भिंत." ती भिंत मी माझ्या खर्चाने पुन्हा केली, आणि तेव्हापासून खोल भोकात पुट्टी घातलेली नाही.

म्हणून पहिली गोष्ट, भोक किती खोल आहे ते बघा आणि त्यावरून माल ठरवा. दोन मिलिमीटरच्या आतला ओरखडा किंवा टोचा असेल तर पुट्टी चालते. त्याहून खोल असेल तर आत वेगळा माल, तोही तोंडाच्या दोन मिलिमीटर खाली थांबवायचा, तो सुकू द्यायचा, आणि मग वर पुट्टी. एका भोकाला दोन माल आणि तीन वेळा हात लावणं, हे काम टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट, भिंत कशाची आहे. बोटाच्या पेराने ठोकून बघा. तुमची इमारत अठरा वर्षांची म्हणताय, तर बहुतेक विटांची भिंत आणि वर सिमेंट-रेतीचं प्लास्टर असेल; आवाज बद्द येईल आणि भोकातून लालसर भुकटी निघेल. अशा भिंतीत ड्रिल मारलं की तोंडाशी प्लास्टरचा टवका उडतो, त्यामुळे भोक आत दहा मिलिमीटर असलं तरी बाहेर पंचवीस-तीसचा खड्डा असतो. घोडबंदर रोडला किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती सायपोरेक्स ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. भुकटी पांढरट-राखाडी आणि पिठासारखी मऊ. तिथे भोकाच्या आतल्या बाजूच ठिसूळ झालेल्या असतात, त्या पाणी अधाशासारखं पितात. आणि ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये, म्हणजे साच्यात, ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतील तर ड्रिल मारताना घाम निघतो, पण भोक मात्र स्वच्छ गोल राहतं आणि भरायला सगळ्यात सोपं जातं.

आता भरण्याआधी भोक साफ करायचं. या पायरीला लोक अर्धं मिनिटही देत नाहीत, आणि मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो. स्क्रू धरायला बसवलेली प्लास्टिकची गिट्टी आत राहिली असेल तर तिच्यात एक स्क्रू तीन-चार आटे फिरवा, पक्कडीने स्क्रूचं डोकं धरा आणि सरळ ओढा. हलवत-हलवत ओढलंत तर टवका आणखी मोठा होईल. सायपोरेक्समध्ये गिट्टी निघत नसेल तर भांडू नका, तिची कॉलर ब्लेडने कापा आणि उरलेली गिट्टी खिळ्याने पाच-सहा मिलिमीटर आत ढकलून द्या. त्यानंतर भोकाच्या काठावरचा रंग बघा. ड्रिल किंवा हातोडा बसला की रंगाची आणि प्लास्टरची एक बारीक कड बाहेर उचलली जाते, बोटाला कळते. ती कड पट्टीने, म्हणजे पुट्टी ओढायच्या पातळ पात्याने, खरवडून भिंतीच्या पातळीखाली न्यावी लागते. ती तशीच ठेवून वर पुट्टी ओढली की भोक भरलं तरी टेंगूळ राहतं. मग जुन्या टूथब्रशने आतली धूळ काढा. सायकलचा पंप असेल तर उत्तम, दोन दाब मारा. तोंडाने फुंकायचं असेल तर चष्मा लावा; माझ्या डोळ्यात चुन्याची भुकटी गेलेली आहे, त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं होतं.

पण त्याच्याही आधी भिंत कोरडी आहे ना, एवढं पाहा. तुमच्या हॉलच्या भिंतीमागे बाथरूम आहे का, किंवा ती बाहेरची भिंत आहे का, हे तुम्ही सांगितलं नाही. जेवणाच्या डब्याला गुंडाळतो ती ॲल्युमिनियमची फॉइल, वीतभर चौकोन, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद चिकटवा आणि एक रात्र व एक दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर भिंतीच्या आत ओल आहे. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतल्या हवेची दमटाई. आत ओल असेल तर भोकं राहू द्या, आधी गळती शोधा. ओल्या भिंतीवर काय वाटेल ते भरा, पुढच्या पावसाळ्यात पोपडा निघेल आणि त्याखाली पांढरा खार फुललेला दिसेल.

भिंत कोरडी आहे असं धरून पुढे जातो. आतल्या खोलीतल्या कोरड्या भिंतीतल्या खोल भोकाला माझा माल म्हणजे पीओपी, प्लास्टर ऑफ पॅरिस. कारण साधं आहे. जिप्समचा दगड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं, ती भुकटी म्हणजे पीओपी. तिला पाणी दिलं की ती ते परत पकडते आणि पुन्हा जिप्सम होते. म्हणजे यात पाणी उडून जाण्यावर काम अवलंबून नाही, पाणी मालाचाच भाग होतं. आणि घट्ट होताना पीओपी आक्रसत नाही, उलट किंचित फुगतं, त्यामुळे भोकात खुंटी ठोकल्यासारखं घट्ट बसतं. पुट्टीचं नेमकं उलटं.

कालवायची रीत मात्र पाळावी लागते. घरातला जुना रबरी चेंडू अर्धा कापा. ही वाटी सगळ्यात चांगली, कारण शिल्लक माल आत घट्ट झाला तरी वाटी दाबली की कवटीसारखा सुटून येतो. वाटीत आधी पाणी, दोन-तीन चमचे. त्यावर पीओपी चिमटीने सोडत जा, रांगोळी सोडतो तसं. भुकटी पाण्याखाली जाते, आणखी सोडा, ती जाते, आणि एक वेळ अशी येते की पाण्यावर कोरडं बेट दिसायला लागतं. तिथे थांबा. अर्धा मिनिट काही करू नका, भुकटीला पाणी पिऊ द्या. मग पट्टीने हळू फिरवा, श्रीखंडाएवढं घट्ट होईपर्यंत. भुकटीवर पाणी ओतलंत तर गोळे होतात, आणि गोळे फोडायला जोरात फेटलंत तर ते लवकर आवळतं. एका वेळी पाच-सहा भोकांपुरतंच कालवा. दहा-पंधरा मिनिटांत ते हाताला कोमट लागायला लागेल, तेव्हा समजा की वेळ संपली. त्यात पुन्हा पाणी घालून सैल करायचा मोह होतो. आम्ही त्याला मेलेलं पीओपी म्हणतो. ते भोकात बसेल, सुकेल, पण नखाने उकरलं तर खडूसारखं झडेल.

भरण्याआधी भोकाला पाण्याचा हात द्या. बारीक ब्रश पाण्यात बुडवून आत दोनदा फिरवा. विटेची आणि सायपोरेक्सची भिंत तहानलेली असते. कोरडी ठेवलीत तर ती मालातलं पाणी आधी ओढून घेते आणि माल घट्ट होण्याऐवजी भुकटी होतो. आत पाणी साचलेलंही नको, फक्त ओलसर. मग एक इंची पट्टीच्या टोकावर थोडा माल घ्या, भोकाच्या वरच्या काठाला टेकवून आत ढकला. पहिल्यांदा खोलवर, दुसऱ्यांदा त्यावर. एकदम मोठा गोळा लावून तोंड बंद केलं की आत हवा अडकते, बोटाने दाबलं तर पोकळ लागतं. तोंडापासून दोन मिलिमीटर खाली आल्यावर थांबा, आणि तो वरचा पृष्ठभाग पट्टीच्या कोपऱ्याने जरा खरखरीत करून ठेवा, म्हणजे पुट्टीला धरायला जागा मिळते.

इथे एक शंका मला प्रत्येक वेळी विचारतात. पीओपीच्या गणेशमूर्ती पाण्यात विरघळत नाहीत म्हणून एवढी चर्चा होते, मग भिंतीतलं पीओपी पाण्याने खराब का होतं? दोन्ही खरं आहे. जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं, म्हणून मूर्ती महिनोन् महिने तशीच राहते. पण तीच मूर्ती ओली असताना नखाने खरवडून बघा, खरवडली जाते. भिंतीत कायम ओल असेल तर पीओपी वाहून जात नाही, पण मऊ पडतं, पकड सोडतं आणि खपलीसारखं निघतं. म्हणून बाथरूमच्या मागची भिंत, पाऊस खाणारी बाहेरची भिंत आणि किचनच्या सिंकमागची जागा, या तीन ठिकाणी पीओपी नको. तिथे बारीक चाळलेली रेती आणि सिमेंट, चारास एक, कमी पाण्यात कालवून भोकात ठासा. त्याला वेळ लागतो, पण ओल सोसतं.

आणि पीओपीत सिमेंट मिसळू नका. बरेच कारागीर "जोर येतो" म्हणून पीओपीत मूठभर पांढरं सिमेंट टाकतात. जिप्सम आणि सिमेंट ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात एक नवा क्षार तयार होतो, तो फुगतो आणि भरलेला माल भिंतीपासून सोडवतो. कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं काही होत नाही, म्हणून लोकांना ते बरोबर वाटतं. एका पावसाळ्यात ओल पोचली की मग होतं.

आता पुट्टी. पीओपी भरून किमान एक रात्र जाऊ द्या. पावसाळी हवा असेल तर दोन. भरलेल्या जागेवर हाताची मागची बाजू टेकवा. शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागली तर आत अजून ओल आहे, थांबा. पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्या किंवा डब्यातली तयार ॲक्रिलिक, तुमच्या तीस-पस्तीस भोकांना दोन्हीपैकी कुठलीही एक किलो पुरून उरेल. मी तुम्हाला ॲक्रिलिक सुचवेन. डबा उघडून लगेच लावता येते, घासायला मऊ असते, आणि उरलेली झाकण लावून ठेवता येते. पावडरची पुट्टी एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. घरात पहिल्यांदा करणाऱ्याला ती घाई नको. मात्र ॲक्रिलिक ओलाव्याच्या भिंतीला लावू नका, तिथे सिमेंटचीच.

पहिला हात भोकापुरता. चार इंची पट्टीने आडवा ओढा, भोकाचं तोंड भिंतीच्या बरोबरीला आणा. सुकू द्या, चार-सहा तास. दुसरा हात मोठ्या पत्र्याने, म्हणजे आठ किंवा दहा इंच रुंद पात्याने, आणि हा भोकाच्या चारही बाजूंना वीतभर बाहेरपर्यंत न्यायचा. मधे जेमतेम जाडी, कडेला जाता जाता काहीच नाही. आम्ही याला विरवणं म्हणतो. पत्रा भिंतीला जवळजवळ आडवा धरायचा, आणि बाहेरच्या बाजूच्या बोटाने जरा जास्त दाब द्यायचा, म्हणजे कडेला माल उरत नाही. तुमच्या रंगाऱ्याने पुट्टी फक्त भोकापुरती लावली असावी, म्हणून खळग्याची गोलाई डोळ्यात भरते. रुपयाएवढी दोन मिलिमीटरची उंचसखल जागा डोळा लगेच पकडतो. तीच उंची फूटभर पसरवली तर कुणालाही कळत नाही.

हे तपासायचं ट्यूबलाइटमध्ये नाही. ट्यूब समोरून उजेड टाकते आणि सगळं झाकते. रात्री खोलीतले दिवे बंद करा, मोबाईलची टॉर्च भिंतीला टेकवून आडवी धरा आणि सावकाश सरकवा. प्रत्येक खोलगट जागेला सावली पडेल. तिथे पेन्सिलीने हलकी खूण करा. पेननं किंवा मार्करनं नको, तो रंगातून वर येतो.

घासायला आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220. पेपर बोटाने धरून घासू नका. बोट मऊ आहे, ते आजूबाजूची कडक भिंत सोडून मऊ पुट्टी खातं आणि तुम्ही स्वतःच नवा खळगा तयार करता. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळा आणि गोल-गोल फिरवत, भोकाच्या बाहेरून आत या. ही धूळ फार बारीक असते, सिमेंटची असेल तर घशाला चटका देते. नुसता रुमाल बांधून होत नाही, एन-95 मास्क लावा, आणि आतल्या खोलीच्या दारांखाली ओली चादर टाका, नाहीतर आठ दिवस ताटात पुट्टी येईल.

तुमच्या या भिंतीवर जुना ऑइल पेंट नसेल तर हे तिला लागू नाही, पण जुन्या घरात राहणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइल पेंट, विशेषतः दारं, खिडक्या आणि किचनच्या भिंतींवरचा, कोरडा घासू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर अजिबातच नाही. पाणी मारत ओल्या पेपरने घासा, आणि निघालेला चिखल कागदावर गोळा करून टाका. त्याच ऑइल पेंटवर पुट्टी धरतही नाही, चकाकी जाईपर्यंत 80 नंबरने खरखरीत केल्याशिवाय.

आता तुमचा दुसरा त्रास, गोल चट्टे. खळगा आणि चट्टा हे दोन वेगळे दोष आहेत, म्हणून एक नीट झाला तरी दुसरा राहू शकतो. उरलेल्या भिंतीवर जुन्या रंगाचे थर आहेत, ती फारसं शोषत नाही. पुट्टीची जागा कोरी आणि सच्छिद्र, ती रंगातलं पाणी आणि चिकटद्रव्य दोन्ही आत ओढते. वर उरतो तो नुसता रंगद्रव्याचा फिका, मळका थर. डब्यातला रंग एकच असला तरी भिंतीवर दोन वेगळ्या छटा दिसतात, आणि रंगात थोडी जरी झिलई असेल तर चट्टा आणखी उठून दिसतो. तिसरा हात मारून चट्टा झाकला जात नाही, कारण भूक रंगाची नाही, प्रायमरची, म्हणजे रंगाखालच्या अस्तराची आहे. पुट्टीची जागा घासून झाली की ओल्या, पिळून घेतलेल्या फडक्याने धूळ पुसा, सुकू द्या, आणि फक्त त्या जागांना पाण्याच्या प्रायमरचा एक हात द्या. तो सुकला की मग पूर्ण भिंतीला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, प्रायमरचाच दुसरा हात. तुकड्या-तुकड्याने रंग लावायचा मोह आवरा. मागच्या वर्षीचा शिल्लक डबा असला तरी भिंतीवरचा रंग आता वर्षभर ऊन आणि अगरबत्तीचा धूर खाऊन बसलेला आहे, जुळणार नाही. भिंत कोपऱ्यात संपते, रंगही कोपऱ्यात संपवा.

आणि रोलर वापरताय ना? मग प्रायमरही रोलरनेच मारा. ब्रशने मारलेल्या प्रायमरच्या रेघा रोलरच्या रंगाखालून दिसतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, दहा-बारा घरं झाल्यावर कळलं.

तुमच्या आधी भरलेल्या जागांचं काय करायचं, तेही सांगायला हवं. त्या पुन्हा उकरायची गरज नाही. वर्ष होत आलंय, आतली पुट्टी जेवढी आक्रसायची तेवढी आक्रसली. बोटाने ठोकून बघा. भरीव वाजली तर जागा 120 नंबरने खरखरीत करा, फडक्याने पुसा आणि सरळ विरवायचा हात द्या. पोकळ वाजली किंवा कडेने बारीक गोल भेग दिसली तर मात्र स्क्रूड्रायव्हरने तो खुंट काढून टाका आणि पहिल्यापासून करा. माझा अंदाज, पस्तीसमध्ये पाच-सहा तशी निघतील.

इतर भोकांबद्दल थोडक्यात. कॅलेंडर आणि तसबिरींच्या खिळ्यांची बारीक भोकं तयार ॲक्रिलिकने दोनदा दाबून भरतात, पीओपी लागत नाही. टूथपेस्ट मात्र नको. भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट वाचवायला लोक टूथपेस्टने खिळ्यांची भोकं बुजवतात. टूथपेस्टमध्ये ती सुकू नये म्हणूनच ओलावा धरणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ती भिंतीतही पूर्ण सुकत नाही आणि तिच्यावर रंग धरत नाही. मी अशी भोकं उकरून साफ करण्यात अख्खा दिवस घालवलेला आहे. एसीच्या पाइपचं आरपार भोक असेल तर आधी बाहेरच्या बाजूने विटेचे तुकडे आणि सिमेंट-रेती, पाण्याचा हात मारत सात दिवस, मग आतल्या बाजूचं काम. वायरची झिरी भरायची तर सिमेंट-रेतीवर कोंबडीजाळी बसवून भरा, नाहीतर झिरीच्या रेषेवर हमखास भेग येते. बीम आणि भिंतीच्या सांध्यावरची लांब सरळ भेग ही भोकाच्या जातीची नाहीच. काँक्रीट आणि वीट उन्हापावसात वेगवेगळी हलतात, तिथे कडक पुट्टी दर वर्षी फुटते. ती भेग पट्टीच्या टोकाने व्ही आकारात उघडा, लवचीक क्रॅक फिलर भरा, वर जाळीची पट्टी, मग पुट्टी.

छताला फुगवटा आहे, ठोकलं तर डब्ब वाजतं, आणि खपली पडली तिथे गंजलेली सळई दिसते, असं असेल तर कुठल्याही रंगाऱ्याला हात लावू देऊ नका, मलाही नाही. वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींमध्ये हे मी नेहमी बघतो, आणि लोक सणाच्या आधी वरून पीओपी ओढून घ्या म्हणतात. सळई गंजली की तिची जाडी वाढते आणि ती काँक्रीट फोडत राहते. वरचा पीओपीचा थर तो धोका फक्त दिसेनासा करतो. सोसायटीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

तुमच्या हॉलसाठी दिवसांचा हिशेब असा होतो. पहिल्या संध्याकाळी फॉइल चिकटवा. दुसऱ्या संध्याकाळी फॉइल काढा, पोकळ निघालेली भोकं उकरून साफ करा, पीओपी भरा. चौथ्या दिवशी सकाळी पुट्टीचा पहिला हात, संध्याकाळी दुसरा. पाचव्या रात्री टॉर्चने तपासणी, जिथे सावली दिसेल तिथे तिसरा पातळ हात. सहाव्या दिवशी घासणं, पुसणं, जागांना प्रायमर. सातव्या दिवशी पूर्ण भिंतीला प्रायमर. आठव्या आणि नवव्या दिवशी रंगाचा एकेक हात. ऑक्टोबरच्या उकाड्यात यातला एखादा दिवस वाचेल. परतीचा पाऊस लांबला आणि खाडीवरून दमट वारा यायला लागला तर दोन दिवस वाढतील, ते वाढू द्या. पंखा लावा, पण भरलेल्या पुट्टीवर थेट टेबलफॅन रोखू नका, वरची कातडी लवकर सुकते आणि केसासारख्या भेगा पडतात.

सामान आणायला जाताना: पीओपी सुटं दोन किलो, ॲक्रिलिक पुट्टी एक किलो, पाण्याचा प्रायमर एक लिटर, एक इंची आणि चार इंची पट्टी, दहा इंची पत्रा, 120 आणि 220 चे तीन-तीन पेपर. पीओपी घेताना पिशवीत हात घालून चिमूट चोळा. मैद्यासारखं निसटलं तर ताजं. खडे लागले तर त्याने आधीच हवेतलं पाणी पिऊन घेतलंय, दुसऱ्या दुकानात जा.

आणि नवा टीव्ही त्याच भिंतीवर लावणार असाल तर ब्रॅकेट आता आणून ठेवा, जागा मापून खूण करा आणि त्याची भोकं रंगाच्या आधी पाडून घ्या. भरलेल्या जुन्या भोकापासून किमान दोन इंच लांब. पीओपीच्या खुंटात स्क्रू पकड धरत नाही, आणि टीव्हीचं वजन त्यावर सोडायचं नाही. गिट्ट्या बसवा, तोंडाला कागदाची चिकटपट्टी लावा आणि मग प्रायमर मारा.

तपासणीच्या रात्री टॉर्च घेऊन मुलालाच उभा करा. त्या वयातली नजर माझ्या नजरेपेक्षा जास्त सावल्या पकडते.